जज्जसाहेबांची चोरी

अर्डिस नोवाचेकनं आयुष्यात दोन कामं जीव ओतून केली. एक म्हणजे पेल्टनच्या शाळेत पोरांना जेवू घालणं. दुसरं म्हणजे दर वर्षी फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी कोर्टातल्या शेगडीची राखण करणं. पहिल्या कामातून शाळेनं तिला वय झालं म्हणून निवृत्त केलं. दुसऱ्यातून निवृत्त करायची गावात कुणाची छाती नव्हती.

मी ग्लेंडा. चौकात, कोर्टाच्या बरोबर समोर, माझं बायकांचे केस करायचं दुकान आहे. अर्डिसच्या डोक्यावरचं ते घट्ट कुरळं प्रकरण माझ्याच हातचं. दर शुक्रवारी ती खुर्चीत बसते आणि म्हणते, "आवळून कर. वाऱ्यानं हललं तर पैसे परत घेईन." त्यामुळे तिच्याबद्दल मी जे सांगतेय त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलंय आणि निम्मं तिनं केस वाळवताना ओरडून सांगितलंय.

आधी शेगडीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या मॅक्रेडी काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, मुख्य ठिकाण मुळात विलोफोर्ड. पेल्टनमध्ये हे मोठ्यानं बोलायचं नसतं, पण खरं आहे. पुढे रेल्वे आमच्याकडून गेली आणि आमच्या लोकांच्या अंगात आलं. कोर्ट आम्हाला पाहिजे, म्हणाले. मतदान झालं. पेल्टनच्या बाजूनं इतकी मतं पडली की तेवढी माणसं जमवायची तर स्मशानातली उठवावी लागली असती. ती उठवली होती असंही काही जण म्हणतात. निकाल लागला तरी विलोफोर्डवाले कागद देईनात. मग अठराशे शहाऐंशीच्या फेब्रुवारीत एका रविवारी, सगळं विलोफोर्ड चर्चमध्ये बसलेलं असताना, आमचे पूर्वज बर्फावरच्या घसरगाड्या घेऊन गेले आणि अख्खी कचेरी उचलून घेऊन आले. दप्तरं आणली, टेबलं आणली, न्यायाधीशाची खुर्ची आणली. कारकून तेवढा जागेवर होता, शेगडीला पाय लावून घोरत. त्याच्याच किटलीतली कॉफी ओतून त्यांनी शेगडी विझवली आणि तीही गाडीवर चढवली, कारण आमच्या नव्या कोर्टात ऊब नव्हती. कारकून म्हणे शिव्या देत शेगडीच्या मागोमाग चालत आला आणि पेल्टनमध्येच नोकरीला लागला. आईच्या बाजूनं तो माझा खापरपणजोबा.

ती शेगडी म्हणजे आमचे जज्जसाहेब. छातीएवढी उंच, ओतीव लोखंडाची, पोट सुटलेली. दोन्ही गावांच्या कोर्टांत बसून लाच न खाल्लेली तेवढीच एक, म्हणून ते नाव पडलं.

तेव्हापासून रिवाज असा आहे. फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी सगळं पेल्टन चर्चमध्ये जातं, आणि उपासना चालू असेपर्यंत विलोफोर्डवाल्यांनी जज्जसाहेबांना चोरून न्यायचा प्रयत्न करायचा. शेगडी हातांनीच उचलायची, चाकं लावायची नाहीत. बाहेर घसरगाडीवर ठेवली की पुढे काय जोडायचं ते जोडा. शेवटचं गीत संपायच्या आत ती बीव्हर ओढ्याचा पूल ओलांडून गेली तर वर्षभर विलोफोर्डची. आमच्याकडून राखणीला माणूस एकच, आणि त्यानं चोरांना हात लावायचा नाही. फक्त पितळी घंटा वाजवायची. घंटा वाजली की चर्च रिकामं होतं आणि चोर पकडले जातात. मग दोन्ही गावं चर्चच्या तळघरात बसून चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल खातात, आणि हरलेले भांडी घासतात. आणखी एक नियम आहे. एके वर्षी विलोफोर्डवाल्यांनी ओमाहाहून चार पैलवान भाड्यानं आणले होते, तेव्हापासून तो लागला. शेगडीला हात लावणारा चोर विलोफोर्डमध्येच जन्मलेला पाहिजे. आम्ही ती परत चोरायला गेलो तर पेल्टनमध्ये जन्मलेला.

आता गंमत बघा. पेल्टनची ही राखणदारीण, अर्डिस, मूळची विलोफोर्डची. तिथल्या दाण्याच्या दुकानाच्या माडीवर जन्मलेली. फ्रँक नोवाचेकशी लग्न करून इकडे आली, तेव्हा तिच्या सासूनं पहिल्याच जेवणाला विचारलं होतं, "चमचे मोजून ठेवू का?" काही वर्षांनी जुना राखणदार वारला, तेव्हा सभेत तिनं हात वर केला आणि म्हणाली, "मी बसते. त्यांच्या सगळ्या खोड्या मला ठाऊक आहेत, निम्म्या मीच शिकवल्यात." तेव्हापासून शेगडी जागची हलली नाही. सासूनं मरताना चमचे तिच्या नावावर केले.

आणि चोरांचा म्होरक्या कोण, तर तिचाच सख्खा थोरला भाऊ, डेल्मर. त्यानं काय नाही करून पाहिलं? एकदा नळ दुरुस्त करणारा बनून आला, एकदा आदल्या दिवसापासून कोर्टातल्या मतपेट्या ठेवायच्या कपाटात लपून बसला. तिथं त्याला शिंक आली. अर्डिसनं आधी "देव भलं करो" म्हटलं आणि मग घंटा वाजवली.

"घरभेदी कुठली," भांडी घासताना डेल्मर दर वर्षी म्हणायचा.

"कढईच्या कडा नीट घास," अर्डिस दर वर्षी म्हणायची.

असं छान चाललेलं असताना आमच्याकडे प्रेस्टन व्हिटलॉक आले. ओमाहात जन्मभर विमा विकला आणि म्हातारपणी जुन्या विटांच्या प्रेमात पडून पेल्टनमध्ये घर घेतलं. माणूस वाईट नाही. पण नवा जावई सासरच्या घरात फर्निचर हलवतो ना, तसं त्यांचं झालं. आमचा चौक सरकारदरबारी ऐतिहासिक पेठ म्हणून नोंदवायचा, ही त्यांची कल्पना. समिती काढली, अध्यक्ष झाले. मग पेठेत गुलाबी दार शोभत नाही म्हणून माझं दार हिरवं केलं. हिरवं म्हणजे पालकाची भाजी उकळून फेकलेल्या पाण्याचं हिरवं. ऐतिहासिक आहे म्हणे. माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना वाटलं दुकानात बँक आली.

कोर्टात त्यांनी काउंटीच्या इतिहासाचा फलक लावला. त्यावर लिहिलं की अठराशे शहाऐंशी साली कचेरी व शेगडी 'परस्परसंमतीने पेल्टन येथे हलवण्यात आली'. अर्डिसनं ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि शुक्रवारी माझ्या खुर्चीत बसल्याबसल्या फुटली.

"परस्परसंमती! कारकुनाला विचारलं होतं का, की बाबा रे, तुझी कॉफी ओतू का?"

"सरकारी माणसं येणार सोमवारी पेठ बघायला," मी म्हटलं. "चोरी केली असं कसं लिहिणार ते?"

"का नाही? इतकी वर्षं चोर म्हणून नांदतोय आपण सुखानं. आता लाज वाटायला काय झालं? आणि ऐकलंस का, सोमवारनंतर जज्जसाहेबांना काचेत घालणार आहेत. कायमचं. हात लावायचा नाही. म्हणजे हा रविवार शेवटचा."

"मग तू कायमची जिंकलीस की."

तिनं आरशातून माझ्याकडे असं पाहिलं की माझा कंगवा थांबला.

"विलोफोर्डमध्ये नऊ माणसं उरलीत, ग्लेंडा," ती म्हणाली. "पोस्ट गेलं, चर्च गेलं. हा एक रविवार आहे म्हणून ती नऊ माणसं अजून एक गाव आहेत. डेल्मरनं एकदा तरी शेगडी घरी न्यावी असं मला वाटतं. पण मी मुद्दाम हरले तर तो जन्मात माझं तोंड बघणार नाही. आणि मला हरता येत नाही. झालं तुझं? मागून आवळ जरा."

रविवारी मी चर्चला गेले नाही. बर्फावर पाय मुरगळला होता, काखेत कुबडी होती. खरं सांगायचं तर पाळकसाहेबांचं प्रवचन टाळायला मला दुसरा पाय मुरगळलेलाही चालला असता. दुकानाच्या खिडकीत कॉफी घेऊन बसले. समोर कोर्टाच्या उंच खिडकीतून अर्डिस दिसत होती, कोट घालून, घंटा मांडीवर, ताठ. तिचा थर्मास शेजारी होता. तिनं तो उघडलाच नाही, हे मला विचित्र वाटलं.

चर्चची घंटा झाली, रस्ता ओस पडला, आणि डेल्मरची पिकअप येऊन उभी राहिली. मागे घसरगाडी बांधलेली. या वर्षी वेश नाही, लपणं नाही, सरळ पुढच्या दारानं तिघं आत गेले. डेल्मर, वांडा आणि क्लाइड. वांडा म्हणजे पूर्वीची पोस्टमास्तरीण आणि क्लाइड तिचा नवरा. चौथा हॅरल्ड यायचा, पण त्याचं कमरेचं हाड मोडलं होतं. मी घंटेची वाट पाहिली. घंटा वाजेना. आरडाओरडा नाही, काही नाही. तिघं शेगडीभोवती टोप्या हातात घेऊन नुसते उभे. मला राहवेना. कुबडी टेकत रस्ता ओलांडला.

"काय, मयत झालंय का इथं?" मी दारातून विचारलं.

"ये, तूच बघ," डेल्मर म्हणाला. "तुमच्या लोकांनी जज्जसाहेबांना बेड्या घातल्या."

शेगडीचे चारही पाय जमिनीत बोल्टनं आवळलेले. नवेकोरे, चकचकीत बोल्ट. व्हिटलॉकनी शनिवारी संध्याकाळी माणूस लावून गुपचूप करून घेतलेलं काम.

"तुला माहीत होतं?" डेल्मरनं बहिणीला विचारलं.

"माहीत असतं तर तुला इथवर येऊ दिलं असतं का मी?"

"नसतं दिलं."

"मग विचारतोस कशाला? सकाळी आले तेव्हा कळलं."

डेल्मर टोपी फिरवत राहिला. इतका गंभीर मी त्याला कधी पाहिला नव्हता. "अर्डी, तुझ्याकडून इतकी वर्षं हरलो त्याचं मला काही नाही. तू जागी होतीस म्हणून हरलो. बोल्टकडून हरायला आम्ही एवढ्या बर्फातून आलो नाही."

अर्डिसचा चेहरा लाल झाला. शाळेत कुणी पाव फेकला की व्हायचा तसा. ती उठली.

"क्लाइड, गाडीत पाना आहे?"

"मी शेतकरी आहे," क्लाइड म्हणाला. "पाना आहे का म्हणून काय विचारतेस?"

पाना आला. अर्डिस खाली बसली. तिचे गुडघे वाजले ते मला दारापर्यंत ऐकू आले. "मी काय शोभेला बसतेय इथं दर वर्षी?" ती पाना फिरवत पुटपुटत होती. "बोल्ट लावायचे तर मला कशाला बसवता? एक बोल्टच बसवा माझ्या खुर्चीत." पन्नास किलो बटाटे एकटीनं हलवणारे हात ते, चारही बोल्ट निघाले. तिनं ते कोटाच्या खिशात टाकले, परत खुर्चीत बसली, घंटा हातात घेतली.

"आता कसं. आता चोरा. बोटभर उचललीत की वाजवणार, सांगून ठेवते."

डेल्मरच्या चेहऱ्यावर जुनं हसू आलं. तिघांनी हात चोळले, वाकले, एक-दोन-तीन म्हणाले. शेगडी हलली नाही. पुन्हा वाकले. क्लाइडचा चष्मा पडला. तिसऱ्यांदा वांडा म्हणाली, "थांबा, माझी पाठ," आणि मटकन बाकावर बसली. डेल्मरनं एकट्यानं एकदा जोर लावून पाहिला आणि मग तो शेगडीला टेकून जमिनीवरच बसला. त्याला धाप लागली होती.

"हॅरल्ड असता तर..." क्लाइड म्हणाला.

चर्चमधलं गाणं थांबलं. प्रवचन सुरू झालं होतं.

"चला," डेल्मर जमिनीकडे बघत म्हणाला. "लवकर गेलो तर चिली तरी गरम मिळेल."

मी पेल्टनची आहे, माझा खापरपणजोबा या शेगडीमागून चालत आला, तरी त्याचा तो आवाज मला ऐकवेना.

अर्डिस त्याच्याकडे बघत होती. "ती ताटली आहे का अजून?" तिनं विचारलं.

"कुठली?"

"आपल्या विलोफोर्डच्या हॉलच्या छतात. जज्जसाहेबांच्या धुराड्याच्या भोकावर."

"आईनं लावलेली? आहे की. दर वसंतात काढून पुसतो."

"कशाला?"

"लागलं तर भोक उघडायला," डेल्मर म्हणाला. "गंजून बसली म्हणजे निघायची नाही."

अर्डिस उठली. एका हाताचा मोजा काढून तिनं घंटेच्या आत कोंबला, म्हणजे लोलक वाजू नये, आणि घंटा कोटाच्या दुसऱ्या खिशात ठेवली. मग शेगडीच्या चौथ्या पायाशी गेली.

"सरक तिकडे."

"हे बघ अर्डी, दया नकोय मला."

"दया कसली डोंबलाची? दाण्याच्या दुकानाच्या माडीवर जन्मलेय मी, तुझ्या नंतर दोन वर्षांनी. नियमात बसते. इतकी वर्षं तुला ते सुचलं नाही यात माझा काय दोष?"

"पण घंटा? राखण?"

"मला हात दोन आहेत," अर्डिस म्हणाली. "दोन्ही गुंतलेत. वाकतोस का प्रवचन संपायची वाट बघू?"

वांडा पाठ विसरली. चौघं वाकले, आणि जज्जसाहेब उठले. मी दार धरलं, कुबडीनं नव्हे, पार्श्वभागानं, कारण जड दार आहे ते आणि कुबडी मी पायऱ्यांवरचं बर्फ बाजूला करायला वापरत होते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. दारातून जाताना अर्डिस माझ्यापाशी क्षणभर थांबली. "तू काही पाहिलं नाहीस."

"मी आजारी आहे," मी म्हटलं. "घरात झोपलेय."

शेगडी घसरगाडीवर बसली, दोर आवळले, चौघं पिकअपमध्ये कोंबून बसले आणि गाडी चौकातून इतकी हळू गेली की माझ्या तोंडचं पाणी पळालं. ऐतिहासिक हिरव्या दारांच्या सगळ्या रांगेसमोरून जज्जसाहेब घरी निघाले होते. चर्चमध्ये पाळक अजून पापावर बोलत होते, देव त्यांचं भलं करो.

शेवटचं गीत सुरू झालं आणि तिसऱ्या कडव्याला ओढ्याच्या बाजूनं घंटा ऐकू आली. आमचीच पितळी घंटा, पण अशी वाजवलेली मी कधी ऐकली नव्हती. चर्चचं दार धाडकन उघडलं. गायक झग्यासकट धावले, व्हिटलॉक कोटाची एकच बाही घालून धावले, मी कुबडीवर सगळ्यांच्या मागे. पुलापाशी येऊन सगळे थबकले. पलीकडच्या काठावर घसरगाडीवर जज्जसाहेब होते, त्यांच्या शेजारी आमची राखणदारीण उभी होती, आणि दोन्ही हातांनी घंटा बडवत ओरडत होती, "चोर! चोर! धावा रे, चोरी झाली!"

तिचे केस हललेले होते. ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मिसेस नोवाचेक," व्हिटलॉकनी पुलावरून ओरडून विचारलं, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?"

"वाजवली ना घंटा?" ती ओरडली. "नियमात ती कुठून वाजवायची ते लिहिलेलं नाही. हे घ्या तुमचे बोल्ट!" आणि तिनं ते एकेक करून त्यांच्याकडे फेकले. एक ओढ्यात गेला.

त्या दुपारी तळघरात पेल्टननं भांडी घासली. व्हिटलॉकना कढया दिल्या होत्या. डेल्मर त्यांच्या मागे उभा राहून म्हणाला, "कडा नीट घासा," आणि तळघर हसून हसून लोळलं. व्हिटलॉकना हसू आलं नाही. त्यांना खरंच वाटत होतं की पेठेचे बारा वाजले, आणि त्यासाठी त्यांनी दोन वर्षं घासली होती. मला त्यांचीही दया आली, दाराचा रंग विसरून.

सोमवारी राजधानीतून, लिंकनहून, सरकारी बाई आल्या. त्यांनी विटा पाहिल्या, खिडक्या पाहिल्या, मग कोर्टात जमिनीतली चार ताजी भोकं पाहिली. "इथली शेगडी?" त्यांनी विचारलं. व्हिटलॉकनी घसा साफ केला, फलकाकडे पाहिलं, अर्डिसकडे पाहिलं.

"चोरीला गेली," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "तशी ती चोरीचीच होती."

बाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "आधी हे सगळं सांगा मला." सांगता सांगता जेवणाची वेळ टळली. उन्हाळ्यात पेठेची पाटी आली. काच आली नाही, आणि फलकावरची परस्परसंमती व्हिटलॉकनी स्वतः खरवडून काढली.

जज्जसाहेब वर्षभर विलोफोर्डला राहिले. अर्डिस दर रविवारी दुपारी तिकडे जायची. "नजर ठेवायला," ती म्हणायची. "पेल्टनची मालमत्ता आहे." येताना तिच्या कोटाला लाकडाच्या धुराचा वास यायचा आणि शुक्रवारपर्यंत तो केसांतून जायचा नाही.

पुढच्या फेब्रुवारीत शेगडी परत चोरून आणायची पाळी आमची. अर्डिसला विचारलं तर ती म्हणाली, "मी पेल्टनमध्ये कुठं जन्मले?" व्हिटलॉक सगळ्यांत आधी तयार होऊन बसले होते, पण त्यांचा जन्म ओमाहाचा. त्यांना दार धरायला नेलं. उचलायला आम्ही चौघं, पेल्टनच्या मातीतले, त्यात मी.

रविवारी सकाळी विलोफोर्डचे लोक आमच्या चर्चमध्ये बसले होते, त्यांच्याकडे चर्च उरलं नाही म्हणून. त्यांचा हॉल शांत होता. धुराड्यातून धूर निघत होता. आम्ही पाय न वाजवता पायऱ्या चढलो, व्हिटलॉकनी श्वास रोखून दार उघडलं.

जज्जसाहेब पोटभर पेटलेले होते. त्यांच्याशेजारी अर्डिस बसली होती, ताठ, मांडीवर पितळी घंटा. आईची ताटली धुऊनपुसून बाजूला ठेवलेली, तीत दालचिनीचे रोल.

"ये ग्लेंडा," ती म्हणाली. "आधी हात शेकून घे. मग वाजवते."